गिट रिपॉझिटरीचे नामांतर

गिट रिपॉझिटरीचे नामांतर म्हणजे गिटहब, गिटलॅब यांसारख्या होस्टिंग सेवेवर ठेवलेल्या कोडभांडाराचे नाव, आणि त्या नावावर आधारलेला त्याचा महाजालावरील पत्ता, बदलण्याची क्रिया होय. सेटिंग्जच्या पानावर नवे नाव लिहून बटण दाबले की ही क्रिया काही क्षणांत पूर्ण होते. मात्र ज्या रिपॉझिटरीवर अनेक जण एकाच वेळी काम करत आहेत, जिच्यातून स्वयंचलित चाचण्या व प्रकाशने होतात आणि जिच्यावर इतर सॉफ्टवेअर अवलंबून आहे, तिचे नाव बदलताना ही सर्व कामे न थांबता चालू राहतील अशी व्यवस्था करावी लागते. गिटने राखलेला इतिहास नामांतराने बाधित होत नाही. बाधित होतात ती त्या नावाचा उल्लेख करणारी बाहेरची ठिकाणे. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे नेणारे पुनर्निर्देशन बहुतेक ठिकाणी काम भागवते, परंतु ते सर्वत्र पोहोचत नाही आणि जुने नाव पुन्हा वापरात आल्यास संपुष्टात येते. या लेखात प्रामुख्याने गिटहबवरील नामांतराचे वर्णन आहे.

नाव आणि इतिहास

गिट ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या विकासासाठी लिहिण्यास सुरुवात केली. ती वितरित स्वरूपाची आहे. म्हणजे रिपॉझिटरीच्या प्रत्येक क्लोनमध्ये केवळ ताज्या फाइलीच नव्हे, तर प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास असतो. या इतिहासातील प्रत्येक कमिटची ओळख त्यातील मजकुरावरून काढलेल्या हॅश मूल्याने ठरते. हे मूल्य काढताना फाइलींची रचना, आधीचे कमिट, लेखक, वेळ आणि संदेश एवढ्याच गोष्टी विचारात घेतल्या जातात. रिपॉझिटरीचे नाव त्यात कोठेही नसते. त्यामुळे नाव बदलले तरी एकाही कमिटचे हॅश मूल्य बदलत नाही, शाखा व टॅग जागच्या जागी राहतात आणि कोणालाही नव्याने क्लोन करावा लागत नाही.

विकसकाच्या संगणकावरील क्लोनला मूळ रिपॉझिटरीचा पत्ता केवळ एका नोंदीमुळे माहीत असतो. ही नोंद क्लोनमधील डॉट-गिट फोल्डरात असलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये असते आणि तिला रिमोट म्हणतात. क्लोन करताना आपोआप तयार होणाऱ्या रिमोटचे नाव रूढीने ‘ओरिजिन’ असते. नामांतरानंतर विकसकाला बदलावी लागते ती एवढीच एक ओळ. हाती घेतलेले अर्धवट काम, न पाठवलेले कमिट, बाजूला ठेवलेले बदल यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. नामांतरापूर्वी सर्वांनी आपापले काम पूर्ण करून पाठवावे, अशी सूचना अनेक संघांत काढली जाते. गिटच्या दृष्टीने तिची गरज नसते.

रिपॉझिटरीचे नामांतर आणि शाखेचे नामांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्टोबर २०२० पासून गिटहबवर नव्या रिपॉझिटरींच्या मुख्य शाखेचे नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ असे ठेवले जाऊ लागले आणि त्या सुमारास अनेक जुन्या प्रकल्पांनीही आपल्या शाखांची नावे बदलली. त्या बदलात प्रत्येक क्लोनमधील स्थानिक शाखाही हलवावी लागते. रिपॉझिटरीच्या नामांतरात शाखांना हात लावावा लागत नाही.

नाव बदलण्याची कारणे नाना प्रकारची असतात. उत्पादनाचे नाव बदलते, व्यापारचिन्हाचा आक्षेप येतो, दोन प्रकल्प एकत्र होतात, किंवा घाईत दिलेल्या नावातील लेखनदोष उशिरा लक्षात येतो. मराठी प्रकल्पांच्या वाट्याला आणखी एक कारण येते. गिटहबवरील रिपॉझिटरीच्या नावात केवळ रोमन अक्षरे, अंक, संयोगचिन्ह, अधोरेखा आणि टिंब चालतात. देवनागरी अक्षरे दिल्यास त्यांच्या जागी संयोगचिन्ह येते. साहजिकच मराठी शब्द रोमन लिपीत लिहावा लागतो आणि ‘ळ’, ‘ण’ किंवा दीर्घ स्वर कसे लिहावेत यावर एकमत नसल्याने पहिले रोमन रूप टिकतेच असे नाही.

पुनर्निर्देशनाची यंत्रणा

गिटहब ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. प्रारंभीच्या काळात रिपॉझिटरीचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या मालकाकडे सोपवली की जुने दुवे निकामी होत. मे २०१३ मध्ये गिटहबने रिपॉझिटरींसाठी पुनर्निर्देशनाची सोय आणली. तेव्हापासून जुन्या पत्त्यावर येणारी वेबपृष्ठांची मागणी नव्या पत्त्याकडे वळवली जाते. नोंदवलेल्या समस्या, विकी, तारांकने आणि अनुसरण करणाऱ्यांची यादी रिपॉझिटरीबरोबर जाते, आणि जुन्या पत्त्यावर केलेल्या क्लोन, फेच व पुश या क्रियाही यशस्वी होतात. खुल्या पुल रिक्वेस्ट, त्यांवरील चर्चा आणि इतरांनी केलेले फोर्क यांचे मूळ रिपॉझिटरीशी असलेले नाते कायम राहते. फोर्कचे स्वतःचे नाव मात्र आपोआप बदलत नाही.

एचटीटीपीएस आणि एसएसएच या दोन मार्गांवर ही यंत्रणा वेगवेगळ्या रीतीने चालते. एचटीटीपीएसवर सर्व्हर कायमस्वरूपी स्थलांतर दर्शवणारा ३०१ हा प्रतिसाद देतो. गिट आपल्या मूळ मांडणीनुसार पहिल्या विनंतीपुरते असे वळण स्वीकारते आणि पुढील देवाणघेवाण नव्या पत्त्याशी करते. एसएसएच या शिष्टाचारात वळण देण्याची सोयच नाही. तेथे गिटहबचा सर्व्हर जुने नाव ओळखून आतल्या आत योग्य रिपॉझिटरी उघडून देतो. जुन्या पत्त्यावर पुश केल्यास रिपॉझिटरी हलली असून नवा पत्ता वापरावा, असा संदेश विकसकाला दिसतो. काम होऊन गेलेले असल्यामुळे हा संदेश वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही, आणि जुना पत्ता वर्षानुवर्षे तसाच राहतो.

विकिपीडियावर पानाचे स्थानांतरण केल्यावर जुन्या शीर्षकाखाली पुनर्निर्देशन उरते, त्याच्याशी याची तुलना करता येते. परंतु दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. विकिपीडियावरील पुनर्निर्देशन हे स्वतः एक पान असते. ते पाहता येते आणि त्याचा इतिहास तपासता येतो. गिटहबवरील पुनर्निर्देशन अदृश्य असते. त्याचे अस्तित्व जुने नाव रिकामे असण्यावर अवलंबून असते. त्याच खात्यात जुन्या नावाची नवी रिपॉझिटरी तयार केल्यास पुनर्निर्देशन बंद होते.

ही अट न कळल्याने होणारी चूक बहुधा सद्हेतूनेच होते. नाव बदलल्यावर ‘आम्ही येथून हललो आहोत’ असे सांगण्यासाठी कोणीतरी जुन्या नावाची एक रिकामी रिपॉझिटरी तयार करतो आणि त्यात नव्या पत्त्याची चिठ्ठी ठेवतो. त्या क्षणापासून जुन्या पत्त्यावर अवलंबून असलेले सर्व क्लोन, दुवे आणि स्वयंचलित कामे मूळ प्रकल्पाऐवजी त्या चिठ्ठीपाशी पोहोचतात. नवी रिपॉझिटरी पूर्णपणे रिकामी असेल, तर परिणाम अधिक वाईट होतो: ज्या सहकाऱ्याने रिमोटचा पत्ता बदललेला नाही, त्याचे पुश कोणत्याही तक्रारीविना यशस्वी होते आणि त्याचे काम भलत्याच रिपॉझिटरीत जाऊन पडते. तेथे आधीच काही कमिट असतील, तर निदान पुश नाकारले जाते आणि घोळ लगेच उघड होतो.

पुनर्निर्देशनाच्या मर्यादा

काही ठिकाणी पुनर्निर्देशन लागूच होत नाही. त्यांपैकी सर्वांत ठळक म्हणजे गिटहब पेजेस. प्रकल्पाच्या संकेतस्थळाचा पत्ता मालकाच्या उपडोमेनखाली रिपॉझिटरीच्या नावाने बनलेला असतो आणि नामांतरानंतर तो जुन्या पत्त्यावरून वळवला जात नाही. प्रकल्पाचे दस्तऐवज तेथे असतील, तर शोधयंत्रांत आणि इतरांच्या लेखांत नोंदलेले सर्व दुवे एकदम तुटतात. संकेतस्थळाला स्वतंत्र डोमेन जोडलेले असल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरा अपवाद गिटहब अ‍ॅक्शन्सचा आहे. एखाद्या रिपॉझिटरीत इतरांनी वापरावयाची अ‍ॅक्शन ठेवलेली असेल आणि तिचे नाव बदलले, तर जुन्या नावाने ती अ‍ॅक्शन बोलावणाऱ्या सर्व कार्यप्रवाहांना रिपॉझिटरी सापडत नसल्याची त्रुटी मिळते. गिटहबने हा नियम आपल्या दस्तऐवजांत स्पष्टपणे नोंदवला आहे. अशा रिपॉझिटरीचे नाव न बदलता नव्या नावाची वेगळी रिपॉझिटरी काढणे आणि जुनी संग्रहित अवस्थेत ठेवणे हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग ठरतो.

यापेक्षा कमी ठाऊक असलेला अडथळा प्रमाणीकरणाचा आहे. कार्यप्रवाहांतून क्लाउड सेवेत प्रवेश करण्यासाठी पासवर्ड साठवून ठेवण्याऐवजी ओपनआयडी कनेक्टवर आधारित अल्पायुषी टोकन वापरण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. या टोकनात मालकाचे व रिपॉझिटरीचे नाव लिहिलेले असते, आणि अमुक नावाच्या रिपॉझिटरीतून आलेल्या टोकनावरच विश्वास ठेवावा असा नियम क्लाउड सेवेच्या बाजूस घातलेला असतो. नामांतरानंतर टोकनात नवे नाव येते, नियमात जुनेच असते आणि प्रवेश नाकारला जातो. पायथन पॅकेजांच्या पायपीआय या भांडाराने एप्रिल २०२३ मध्ये सुरू केलेली विश्वासू प्रकाशकांची सोयही याच तत्त्वावर चालते. तेथेही रिपॉझिटरीचे नवे नाव नोंदवावे लागते. ही त्रुटी नामांतराच्या दिवशी दिसत नाही. ती पुढच्या प्रकाशनाच्या वेळी, कदाचित सुरक्षा-दुरुस्ती तातडीने पोहोचवण्याच्या घाईत, समोर येते.

कंटेनर प्रतिमांच्या बाबतीत तर त्रुटीही दिसत नाही. गिटहबच्या कंटेनर भांडारात प्रतिमेचे नाव मालकाखाली स्वतंत्रपणे नोंदलेले असते. रिपॉझिटरीचे नाव बदलले म्हणून ते बदलत नाही. मात्र अनेक कार्यप्रवाहांत प्रतिमेचे नाव रिपॉझिटरीच्या चालू नावावरून आपोआप घेतले जाते. नामांतरानंतर असा कार्यप्रवाह नव्या नावाची प्रतिमा तयार करू लागतो. सर्व चाचण्या हिरव्या दिसतात, आणि जुन्या नावाची प्रतिमा ओढणारे सर्व्हर महिनोन्‌महिने त्याच शिळ्या आवृत्तीवर चालत राहतात.

गिटहबच्या एपीआयमध्ये जुन्या नावाने केलेल्या विनंतीस ३०१ हा प्रतिसाद मिळतो आणि त्यात रिपॉझिटरीच्या अंकीय क्रमांकावर आधारलेला पत्ता असतो. हा क्रमांक नामांतराने बदलत नाही. वळण स्वतःहून न स्वीकारणारी साधने येथे अडतात. कर्ल हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. काही साधने वळण स्वीकारताना माहिती पाठवणाऱ्या विनंतीचे रूपांतर केवळ माहिती मागणाऱ्या विनंतीत करतात, त्यामुळे विनंती पोहोचूनही काम होत नाही. जी बाह्य प्रणाली रिपॉझिटरीची ओळख नावाऐवजी अंकीय क्रमांकाने ठेवते, तिला नामांतराची झळ लागत नाही. वेबहुक रिपॉझिटरीबरोबर टिकून राहतात, पण त्यांतून जाणाऱ्या संदेशात नवे नाव असते. संदेश स्वीकारणारा प्रोग्राम नावाची तुलना करत असेल, तर तो आलेला संदेश परका समजून टाकून देऊ शकतो.

गिटहबच्या चाचणी-यंत्रांवर कोड ज्या फोल्डरात उतरवला जातो, त्याच्या मार्गात रिपॉझिटरीचे नाव दोनदा येते. हा मार्ग पर्यावरण-चलातून न घेता कोणी स्क्रिप्टमध्ये थेट लिहिला असेल, तर नामांतरानंतर तेही अडते.

आयातमार्ग आणि प्रोग्रामिंग भाषा

बहुतेक भाषांत पॅकेजचे नाव आणि रिपॉझिटरीचे नाव यांचा तांत्रिक संबंध नसतो. एनपीएम किंवा पायपीआयवरील पॅकेज रिपॉझिटरीच्या नामांतरानंतर पूर्वीच्याच नावाने मिळत राहते. फक्त त्याच्या वर्णनातील दुवा सुधारावा लागतो. गो भाषेत मात्र रिपॉझिटरीचा पत्ता हाच आयातमार्ग असण्याची प्रथा आहे. अशा वेळी नाव केवळ संकेतस्थळावर राहत नाही. ते वापरकर्त्यांच्या प्रत्येक फाइलच्या डोक्याशी लिहिलेले असते.

ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या गो १.११ या आवृत्तीपासून गोमध्ये मॉड्यूलची व्यवस्था आली. मॉड्यूल आपला मार्ग गो.मॉड या फाइलमध्ये स्वतः जाहीर करते. रिपॉझिटरीचे नाव बदलून या फाइलमधील मार्ग जुनाच ठेवला, तर जुन्या मार्गाने आयात करणाऱ्यांचे काम पुनर्निर्देशनाच्या जोरावर चालते, पण नव्या मार्गाने आयात करू पाहणाऱ्यास दोन मार्ग जुळत नसल्याची त्रुटी मिळते. मार्ग बदलला, तर हीच त्रुटी उलट बाजूने, नव्या आवृत्तीकडे जाऊ पाहणाऱ्या जुन्या वापरकर्त्यांना येते. दोन्ही नावे एकाच वेळी चालवण्याची सरळ सोय नाही.

२०१७ मध्ये लॉग्रस या नोंदलेखनाच्या लोकप्रिय ग्रंथालयाच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्याच रूपाने गाजला. मालकाच्या खातेनावातील पहिले अक्षर रोमन मोठ्या लिपीतून छोट्या लिपीत बदलण्यात आले. देवनागरीत मोठ्या व छोट्या लिपीचा भेद नसल्याने हा बदल मराठी वाचकास नगण्य वाटेल. गिटहबच्या दृष्टीनेही दोन्ही पत्ते एकच होते आणि ते दोन्ही उघडत. परंतु गो भाषेला हे दोन वेगळे आयातमार्ग वाटले. एखाद्या प्रकल्पाची एक अवलंबिता जुन्या लिपीत आणि दुसरी नव्या लिपीत लॉग्रस मागू लागली की संकलन थांबे. प्रकल्प स्वतः लॉग्रस वापरत नसला, तरी त्याच्या अवलंबितांपैकी दोघांत असा मतभेद असणे पुरेसे होते. परिणामी हा बदल एकामागून एक प्रकल्पांत करत जावा लागला.

यावरचा उपाय म्हणजे आयातमार्गात होस्टिंग सेवेचा पत्ता न घालता स्वतःच्या डोमेनचा पत्ता वापरणे. त्या डोमेनवरील पृष्ठात एक छोटी खूण ठेवून कोड प्रत्यक्षात कोठे आहे हे गोला सांगता येते. पुढे रिपॉझिटरी कितीही वेळा हलली, तरी फक्त ती खूण बदलावी लागते. कुबरनेटीस या प्रकल्पाने २०१५ मध्ये हाच मार्ग स्वीकारला. गूगलच्या क्लाउड विभागाच्या खात्यातून तो स्वतःच्या खात्यात हलला त्या वर्षी त्याचे आयातमार्गही के८एस.आयओ या डोमेनवर आणले गेले.

उल्लेखनीय नामांतरे

एप्रिल २०१७ मध्ये डॉकर कंपनीने आपल्या मुक्तस्रोत इंजिनाच्या विकासाला मोबी हे नाव दिले आणि डॉकर खात्यातील डॉकर ही मुख्य रिपॉझिटरी मोबी खात्यातील मोबी या नावाने वावरू लागली. ज्या रिपॉझिटरीवर प्रचंड प्रमाणात दुवे आणि आयातमार्ग अवलंबून होते, तिचे हे नामांतर होते. जुने दुवे पुनर्निर्देशनामुळे चालू राहिले, पण उत्पादन डॉकर आणि प्रकल्प मोबी हा भेद वापरकर्त्यांच्या पचनी पडण्यास वेळ लागला. तांत्रिक बाजूने अधिक लक्षणीय गोष्ट अशी की, रिपॉझिटरी हलल्यावरही तिच्या आतील गो कोडमधील आयातमार्ग अनेक वर्षे जुन्याच नावाचे राहिले. मोबी नावाच्या रिपॉझिटरीतील फाइली एकमेकींना डॉकर या पत्त्याने हाक मारत होत्या. वरवर विसंगत दिसणारा हा निर्णय व्यवहार्य होता. आयातमार्ग बदलले असते, तर अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांना एकाच वेळी बदल करावा लागला असता.

नोड.जेएसच्या इतिहासात दोन रिपॉझिटरींची नावे जवळजवळ अदलाबदल झाल्यासारखी बदलली. कारभाराविषयीच्या मतभेदांतून डिसेंबर २०१४ मध्ये आयओ.जेएस हा प्रकल्प नोडपासून फुटला. २०१५ मध्ये दोहोंचा समेट झाला आणि सप्टेंबरमध्ये नोड ४.० ही एकत्रित आवृत्ती प्रसिद्ध झाली. या प्रक्रियेत आयओ.जेएसची रिपॉझिटरी नोड या नावाने मुख्य रिपॉझिटरी बनली, तर जॉयंट कंपनीच्या खात्यात असलेली मूळ नोडची रिपॉझिटरी जुन्या आवृत्त्यांचे संग्रहण म्हणून वेगळ्या नावाखाली ठेवण्यात आली. दोन्ही रिपॉझिटरींत समस्यांचे क्रमांक एकपासून सुरू झालेले असल्याने, जुन्या कमिट संदेशातील नुसता क्रमांक पाहून तो कोणत्या प्रकल्पाचा हे ठरवता येत नाही. खातेनावासह पूर्ण संदर्भ लिहिण्याची सवय अशा वेळी उपयोगी पडते.

मॅकओएससाठीच्या होमब्रू या पॅकेज व्यवस्थापकाने २०१६ मध्ये आपली एकच मोठी रिपॉझिटरी विभागली. मूळ साधन एका रिपॉझिटरीत आणि पॅकेजांच्या कृती दुसऱ्या रिपॉझिटरीत गेल्या. जुन्या रिपॉझिटरीच्या नावाला वारसादर्शक विशेषण जोडण्यात आले. होमब्रूचे वैशिष्ट्य असे की, वापरकर्त्याच्या संगणकावरील त्याची स्थापना हीच एक गिट क्लोन असते आणि अद्ययावत करण्याची आज्ञा पडद्यामागे फेच करते. त्यामुळे हे नामांतर विकसकांपुरते राहू शकत नव्हते. ते प्रत्येक वापरकर्त्याच्या यंत्रापर्यंत पोहोचणारे होते.

जुन्या नावाचा गैरवापर

रिपॉझिटरीचे नाव त्याच खात्यात बदलले, तर जुने नाव पुन्हा वापरण्याचा अधिकार त्या खात्याकडेच राहतो. खात्याचे नाव बदलले किंवा खाते हटवले, तर मात्र जुने खातेनाव कोणालाही घेता येते. अशा व्यक्तीने त्या खात्यात जुन्या नावाची रिपॉझिटरी तयार केली की पुनर्निर्देशन तुटते आणि जुना पत्ता वापरणारे सर्व जण नकळत परक्या माणसाचा कोड उतरवू लागतात. या हल्ल्यास रिपोजॅकिंग असे म्हणतात.

२०१८ च्या आरंभी गो भाषेतील गो-बाइंडेटा या साधनाच्या लेखकाचे खाते नाहीसे झाले. दुसऱ्या एका व्यक्तीने तेच खातेनाव घेऊन रिपॉझिटरी पुन्हा उभी केली. हेतू तुटलेली संकलने सावरण्याचा होता. पण हेच काम वाईट हेतूनेही करता आले असते, हे त्यातून सर्वांच्या ध्यानात आले. त्याच वर्षी गिटहबने लोकप्रिय नावे निवृत्त करण्याची पद्धत आणली. खात्याचे नाव बदलण्यापूर्वीच्या आठवड्यात ज्या रिपॉझिटरीचे १०० हून अधिक क्लोन झाले असतील, तिचे खातेनाव व रिपॉझिटरीनाव ही जोडी पुन्हा वापरता येत नाही.

हे संरक्षण अपुरे आहे. कमी वापराच्या रिपॉझिटरींना ते मिळत नाही, आणि लोकप्रिय पॅकेज अशा एखाद्या दुर्लक्षित रिपॉझिटरीवर अवलंबून असू शकते. मे २०२२ मध्ये पीएचपी भाषेतील पीएचपास या पॅकेजाची एक प्रत याच रीतीने ताब्यात घेतली गेली; सोडून दिलेले खातेनाव नव्याने नोंदवून त्यात क्लाउड सेवेच्या गुप्त किल्ल्या बाहेर पाठवणारा कोड घालण्यात आला होता. त्याच वर्षी आणि पुन्हा २०२३ मध्ये चेकमार्क्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी निवृत्त नावांचे बंधन चुकवण्याच्या वाटा दाखवून दिल्या आणि गिटहबने त्या बुजवल्या. जून २०२३ मध्ये अ‍ॅक्वा या कंपनीच्या संशोधकांनी सुमारे १२.५ लाख रिपॉझिटरींचा नमुना तपासला असता त्यांतील सुमारे ३७ हजार, म्हणजे २.९५ टक्के, या हल्ल्यास बळी पडू शकतील असे त्यांना आढळले.

यामुळे संस्थेचे नाव बदलणाऱ्या अनेक कंपन्या जुने खातेनाव लगेच स्वतःच्याच ताब्यात घेऊन ठेवतात. खाते ताब्यात ठेवावे, पण त्यात जुन्या नावांच्या रिपॉझिटरी तयार करू नयेत, ही दुहेरी दक्षता येथे पाळावी लागते.

कार्यपद्धती

नामांतर करण्याचा अधिकार रिपॉझिटरीच्या प्रशासकास असतो. संकेतस्थळावरील सेटिंग्जमधून किंवा गिटहबच्या आज्ञा-ओळ साधनातून ते करता येते. दुसऱ्या मार्गाने केल्यास स्थानिक क्लोनमधील रिमोटचा पत्ताही त्याच वेळी बदलतो. खरे काम या बटणाच्या आधी असते. प्रथम जुने नाव कोठे कोठे लिहिलेले आहे याचा शोध घ्यावा: स्वतःच्या कोडमध्ये, कार्यप्रवाहांत, उपनियोजनाच्या स्क्रिप्टमध्ये, दस्तऐवजांत, क्लाउड सेवेच्या विश्वासनियमांत आणि संस्थेच्या इतर रिपॉझिटरींत. ज्या नियमांत दोन नावे चालतात, तेथे नवे नाव आधीच जोडून ठेवावे आणि जुने नंतर काढावे. असे केल्याने नामांतराचा नेमका क्षण बिनमहत्त्वाचा ठरतो. प्रकाशनाच्या ऐन दिवशी नाव बदलू नये हे सांगण्याची गरज भासू नये, तरी भासते.

नामांतर झाल्यावर प्रत्येक विकसकाने आपल्या क्लोनमध्ये ‘गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन’ ही आज्ञा नव्या पत्त्यासह एकदा द्यावी लागते. फोर्कवर काम करणाऱ्यांनी मूळ रिपॉझिटरीकडे निर्देश करणारा, रूढीने ‘अपस्ट्रीम’ म्हटला जाणारा, रिमोटही बदलावा. ज्या यंत्रांवर अनेक क्लोन आहेत, तेथे गिटच्या वैश्विक मांडणीत ‘इन्स्टेड-ऑफ’ हा नियम लिहून जुन्या पत्त्याऐवजी सर्वत्र नवा पत्ता वापरण्यास गिटला सांगता येते. हा नियम होस्टिंग सेवेच्या पुनर्निर्देशनावर अवलंबून नसतो, हा त्याचा मोठा फायदा.

सबमॉड्यूल म्हणून दुसऱ्या रिपॉझिटरीत बसवलेल्या रिपॉझिटरीचे नाव बदलल्यास तेथील गिटमॉड्यूल्स फाइलमध्ये नवा पत्ता लिहावा लागतो. तेवढ्याने काम संपत नाही. आधीच अस्तित्वात असलेल्या क्लोनमध्ये जुना पत्ता वेगळा नोंदलेला असतो आणि ‘गिट सबमॉड्यूल सिंक’ ही आज्ञा दिल्याशिवाय तो बदलत नाही. इतिहासातील जुन्या कमिटमध्ये मात्र जुना पत्ता कायमचा राहतो. तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती कोणी पुन्हा उभी करू पाहिल्यास ती जुन्या पत्त्यावरच जाईल, म्हणून जुने नाव काही महिन्यांसाठी नव्हे तर कायमसाठी मोकळे ठेवावे लागते. मोठ्या संस्थांत ही बाब लेखी नोंदवणे इष्ट असते, कारण नामांतराची आठवण नसलेला नवा सदस्य चाचणीपुरती रिपॉझिटरी काढताना नेमके तेच नाव निवडू शकतो.

इतर सेवा व स्थानिक प्रती

गिटलॅबवर प्रकल्पाचे दर्शनी नाव आणि पत्त्यातील मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्शनी नाव देवनागरीतही ठेवता येते व ते बदलल्याने पत्त्यावर परिणाम होत नाही. मार्ग बदलल्यास जुन्या मार्गावरून पुनर्निर्देशन होते आणि तेही जुना मार्ग मोकळा असेपर्यंतच टिकते. कंटेनर भांडारात प्रतिमा असलेल्या प्रकल्पाचा मार्ग गिटलॅबवर बराच काळ बदलताच येत नसे. आधी त्या प्रतिमा काढाव्या लागत.

स्वतःच्या सर्व्हरवर एसएसएचद्वारे साध्या फोल्डरातून चालवलेल्या रिपॉझिटरीला पुनर्निर्देशनाची कोणतीही तयार सोय नसते. तेथे फोल्डराचे नाव बदलून जुन्या नावाचा प्रतीकात्मक दुवा ठेवला, तर फेच व पुश दोन्ही पूर्ववत चालतात. हा उपाय ओबडधोबड वाटला, तरी दुवा फाइलींच्या यादीत दिसतो, त्यामुळे तो चुकून पुसला जाण्याचा संभव कमी असतो.

विकसकाच्या संगणकावरील फोल्डराचे नाव होस्टिंग सेवेवरील नावाशी जुळलेच पाहिजे असे नाही. ते बदलायचे असल्यास एकाच क्लोनला जोडलेल्या इतर कार्यवृक्षांचे दुवे तुटतात आणि ते ‘गिट वर्कट्री रिपेअर’ या आज्ञेने दुरुस्त करावे लागतात. पायथनचे आभासी पर्यावरण त्या फोल्डरात असेल, तर त्यात पूर्ण मार्ग लिहिलेले असल्याने ते नव्याने तयार करणे सोपे पडते.